एका चमच्याची हकीकत
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्या छंदाविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझा संग्रह बुटाच्या खोक्यात मावेल एवढाच आहे. आपला पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला, त्याआधीची पुठ्ठ्याची तिकिटे, एक कानतुटका कप, आणि हा चमचा. आज बोलायचे ते चमच्याविषयीच.

हा दख्खनच्या राणीचा चमचा. ही गाडी १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली. विजेवर धावणारी, जेवणाचा डबा असलेली मोठ्या थाटाची गाडी! तिसरा वर्ग तिला नव्हताच. तो जोडला १९५५ साली. म्हणजे पंचवीस वर्षे माझ्या दादांसारख्या कारकुनाने ती फलाटावरूनच पाहिली. २०२२ साली तिला नवे डबे आले, पण टेबलाशी बसून खाण्याचा डबा राखला, हे फार चांगले केले.

चमच्यावर इंग्रजीत 'जी. आय. पी.' अशी अक्षरे आहेत. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा चमचा त्याआधीचा. जुन्या वस्तूचे वय असे अक्षरांवरून काढतात. अर्थात नव्या चमच्यावर जुनी अक्षरे ठोकून विकणारेही असतात, तेव्हा बाजारात जपून!

माहेरी हा चमचा मेतकुटाच्या बरणीत असे. १९७२ साली लग्न होऊन मी वाशीमला आले, तेव्हा आईने तो माझ्या ट्रंकेत घातला. पुढे पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारले, हा आपल्याकडे आला कसा? ती म्हणाली, "अगं, तुझे दादा मुंबईला मुलाखतीला गेले होते. येताना हौसेने राणीत बसले, चहा मागवला. पुणे आले, घाईत चमचा खिशात राहिला. मग नेऊन द्यायची लाज वाटली. नोकरी नाही मिळाली, चमचा तेवढा मिळाला."

ही हकीकत मी कौतुकाने सर्वांना सांगत असे. मागच्या दिवाळीत नातवाला सांगितली. तो म्हणाला, "आजी, म्हणजे हा चोरीचा ना?"

मला उत्तर सुचले नाही. आपणही भांड्यांवर नावे घालून घेतोच की! लग्नकार्यात गेलेले पातेले घरी परत यावे म्हणून. रेल्वेनेही अक्षरे त्याचसाठी घातली होती, आणि मी ती नक्षी म्हणून पुसूनपासून चकचकीत ठेवीत होते. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदाही आहे, असे भाच्याने सांगितले. तो वकील आहे, त्याला घाबरवायला आवडते.

जाणते संग्राहक भंगाराच्या लिलावात वस्तू घेतात आणि पावती जपतात. माझ्याजवळ पावती नाही, आईचे बोलणे आहे. तेच सगळे कागदावर उतरवून मी रेल्वेच्या संग्रहालयाला पत्र लिहिले आहे, की चमचा आपला आहे, परत घ्यावा. दिल्लीच्या संग्रहालयात म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून आहे. तिथे कारकुनाच्या खिशातल्या चमच्याला जागा मिळेल की नाही, पाहू.

धाकटी बहीण मात्र रागावली आहे. "दादा असते तर त्यांना काय वाटले असते? गेलेल्या माणसाची लाज चव्हाट्यावर कशाला?" तिचेही खोटे नाही. पत्र लिहून झाले, पण चार दिवस पाकीट बंद करवेना. काल टपालात टाकले.

उत्तर येईपर्यंत चमचा माझ्याकडेच आहे. आज तो टेबलावर ठेवला आहे, हातात घेऊन पाहा. फक्त चहापानाच्या गडबडीत तो मंडळाच्या चमच्यांत मिसळू देऊ नका.