लॅपटॉपवर टीव्ही : डबी घेण्याआधी

गटाच्या हिशेबासाठी लॅपटॉप आला की पुढच्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "अगं, याच्यावर टीव्ही दिसंल का?" दिसतो. त्यासाठी लॅपटॉपला बाहेरून लावायची डबी मिळते, टीव्ही ट्यूनर. पण या एकाच नावाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू विकतात. पैसा बचतीचा आहे, म्हणून आज आम्ही त्यावरच बोलतो.

पहिली अगदी बोटाएवढी, सोबत छोटा अँटेना. ती मनोऱ्यावरून येणारं प्रक्षेपण पकडते. दूरदर्शननं असे जुने मनोरे 2022 पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. नवं डिजिटल प्रक्षेपण निघालं ते मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. जळकोटच्या माळावर अँटेना कितीही फिरवा, काही दिसणार नाही. स्वस्त म्हणून ही घेऊच नका.

दुसरीत छत्रीची वायर थेट बसते. खोक्यावर 'डीव्हीबी-एस2' लिहिलंय का ते बघा. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. जीसॅट-15 या उपग्रहाकडं, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, छत्री नीट वळवली की सह्याद्री वाहिनी दिसते. पण पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्या हिच्यावर येत नाहीत. त्यांना कुलूप असतं आणि किल्ली कंपनीच्याच बॉक्समध्ये.

तिसरी खरं तर ट्यूनर नव्हेच, तिला कॅप्चर म्हणतात. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी हिच्यात घालायच्या आणि हिचं टोक लॅपटॉपच्या यूएसबीत. चॅनेल बॉक्सच्याच रिमोटनं बदलायचे. चित्र थोडं फिकं येतं, पण घरात बॉक्स आधीच असेल तर आम्हाला हीच बरी वाटते. काहीजणी विचारतात, बॉक्सची एचडीएमआय वायर सरळ लॅपटॉपलाच का लावू नये? कारण लॅपटॉपची ती खाच चित्र बाहेर पाठवते, आत घेत नाही.

आता लाईटचं. लॅपटॉपला बॅटरी आहे, म्हणून लाईट गेल्यावरही टीव्ही चालेल, असं पुष्कळ जणींना वाटतं. पण छत्रीला वीज लागते. ती सेट टॉप बॉक्स देतो, नाहीतर दुसऱ्या डबीचा अडॅप्टर. दोन्ही भिंतीतल्या बटणावर. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉप चालू राहील आणि चित्र मात्र जाईल. घरात चालू टीव्ही असेल तर या खर्चात पडूच नये, असं आमचं मत.

घ्यायचंच ठरलं तर उदगीरला जाताना लॅपटॉप सोबत न्या. डबीबरोबर सीडी देतात, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. दुकानातच डबी जोडून चित्र आणि आवाज दोन्ही बघा. दुकानदार "घरी जाऊन लावा" म्हणाला, तर पैसे पिशवीतच राहू द्या.