वाकडा टाका



आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. नामदेवांच्या घराण्याचा धंदा शिंप्याचा. शिंप्याला माप चुकवून चालत नाही. बाही चार बोटे आखूड झाली की अंगरखा वाया गेला. पण त्याच सुईदोऱ्याचे आणखी एक काम आहे, आणि त्याला इतके काटेकोर माप लागत नाही. ते काम म्हणजे वाकळ. कुणी तिला गोधडी म्हणतात.

आजकाल पुष्कळ जणी वाकळ हौसेने शिवायला घेतात. शाळेतल्या बाई असतात, नोकरीतून मोकळ्या झालेल्या भगिनी असतात. एखादे गुरुजीही असतात. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा. दुसऱ्या दिवशी लक्षात येते की टाक्याची ओळ वाकडी गेली. मग उसवायचे. पुन्हा घालायची, पुन्हा उसवायचे. आठ दिवसांनी ते गाठोडे पेटीत जाते आणि तिथेच राहते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, “आमचा टाका काही सरळ येत नाही हो!”

आता गंमत पाहा. शिकल्यासवरल्या माणसांना ही खोड जास्त असते. आपल्या हाताला तांबड्या शाईची सवय! चूक दिसली की खूण करायची. ज्या आजीने जन्मात पट्टी हातात धरली नाही, तिची वाकळ मात्र पुरी होते.

आजी काय करते? जुनी लुगडी, धोतरे धुऊन वाळवते. सारवलेल्या जमिनीवर एकावर एक थर अंथरते. कोपरे ताणून त्यांवर वजन ठेवते. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालते. मग काठापासून धावदोरा घालत आत आत येते. दुपारी शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा ढोबळ. कोण कुठे बसली होती, हे वाकळ पाहून पुढे कित्येक वर्षे सांगता येते.

अशी वाकळ टिकते कशी? तिच्यात एकच शिवण नसते, ओळींमागून ओळी असतात. एक धागा तुटला तरी शेजारची ओळ थर धरून ठेवते. ऊब येते ती कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेने. ओळ सरळ आहे की नागमोडी, हे त्या हवेला काय ठाऊक?

म्हणजे कसेही शिवले तरी चालेल काय? नाही. काही चुका सुधारल्याच पाहिजेत. कापड विरलेले असेल तर ते वर घेऊ नये, ते आत घालावे. कोरे कापड आधी धुऊन घ्यावे, नाही तर ते पुढे आटते आणि वाकळ चुरमडते. रंग जाणारे कापड वेगळे काढावे. टाका इतका लांब नको की लेकराच्या पायाचे बोट त्यात अडकेल. गाठ पक्की हवी. एवढे सांभाळले की बाकीच्या चुकांना चूक म्हणू नये. वाकळ विकायची असेल तर गोष्ट निराळी. तिथे गिऱ्हाईक मागेल ती सफाई द्यावी लागते. पण छंदाला गिऱ्हाईक नसते.

दूरदेशीचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या काळ्या स्त्रिया, पूर्वीच्या गुलामांच्या लेकीसुना, शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्यांच्या रेघा तिरप्या, चौकोन वाकडे. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या. 2006 साली त्यांच्या चित्रांची टपाल तिकिटेही निघाली. लोकांनी नावाजले ते त्या वाकड्या रेघांसकट.

त्याच देशात असेही सांगतात की, पूर्ण निर्दोष फक्त देव, म्हणून जुन्या बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवीत. अभ्यासकांना या गोष्टीला आधार सापडत नाही. आणि मुद्दाम चूक करण्याची गरज तरी काय? आपली आजी हसून म्हणेल, “मुद्दाम कशाला बाई, त्या आपसूकच होतात!”

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला मुलामुलींनी शिवलेला तुकडा लगेच उसवायला लावू नका. आधी तो दोन्ही हातांनी ओढून पाहा. टिकला तर शाबासकी द्या. दहावा तुकडा पहिल्यापेक्षा सरळ येईलच. पण पहिलाच उसवत बसले तर दहाव्यापर्यंत कोण पोचणार?

आणि घरी जिचे गाठोडे पेटीत पडले आहे, तिने एवढाच विचार करावा. त्यात कदाचित आईचे लुगडे असेल, वडिलांचे धोतर असेल. पेटीत ते कसरीच्या तोंडी जाईल. नातवंड तर वाढत राहील, आणि पौषाची थंडी आपला टाका सरळ होईपर्यंत थांबणार नाही. तेव्हा पेटी उघडा, सुईत दोरा ओवा आणि जिथे ओळ सोडली होती तिथून पुढे चला. मागची ओळ उसवू नका.