धुराचा गुलाब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या हाताला अत्तर लावतो. ते बहुधा गुलाबाचे असते, गोड असते, आणि घरी जाऊन साडी बदलेपर्यंत उडूनही गेलेले असते. आज तुमच्यात फिरते आहे ती कुपी तशी नव्हे. "अगबाई, याला चुलीचा वास येतो!" असे पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणाले, ते मी ऐकले. त्या चुलीविषयीच मला बोलायचे आहे.

हा गुलाब कनोजचा. कनोज हे उत्तर प्रदेशातले, अत्तरासाठी नावाजलेले जुने शहर. तेथे अजूनही तांब्याची डेग, बांबूची नळी आणि लांब मानेचा भपका यांनी अत्तर काढतात. सकाळी खुडलेली फुले पाण्यासह डेगेत घालायची, झाकण मातीने लिंपायचे आणि खाली लाकडे-गोवऱ्यांचा जाळ करायचा. वाफ नळीतून भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो, आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. आच किती, भपका किती भरला, हे कारागीर हात लावून ओळखतो. दूध उतू जाणार हे आपल्याला जसे पाठमोरे असतानाही कळते, तसेच हे! मग पाणी निराळे करतात, तेल तेच ठेवतात आणि पुन्हा नवी फुले चढवतात. असे कित्येक दिवस. म्हणजे गुलाब येथे एकटा नसतोच. तो चंदनात मुरलेला असतो.

नुसत्या गुलाबाचे तेल निराळे. गुलाबपाण्यावर येणारा तवंग गोळा करून ते प्रथम मिळवले नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे. एका किलो तेलाला तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. ते आपल्या आवाक्यातले नाही; पुढे जाऊ.

या कुपीत गुलाबाच्या जोडीला थोडा शमामा आहे. शमामा म्हणजे मसाल्यांचे आणि मुळ्यांचे अत्तर. त्यात नागरमोथा, जटामांसी, वेलदोडे, लवंग पडते. आणि आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलसुद्धा! प्रत्येक घराण्याची कृती वेगळी, आणि ती कोणी सांगत नाही. लवंगेचे गुलाबाशी इतके जमते, त्याला कारण आहे. लवंगेतला मुख्य सुगंधी अंश युजेनॉल; तोच गुलाबाच्या तेलातही अल्प प्रमाणात असतो. धुराचा वास आहे तो चोयाचा. राळ किंवा लोबान मडक्यात तापवून जो काळपट अर्क गाळतात, त्याला चोया म्हणतात.

आता वास कसा घ्यावा? लावल्याबरोबर नाकाशी नेऊन निकाल देऊ नका. हलके अंश आधी उडतात, म्हणून पहिल्याने गुलाब आणि धूर यांचे भांडण वाटेल. अर्ध्या तासाने मसाला पुढे येतो. चंदन सर्वांत सावकाश उडते. म्हणून रात्री उशिरा उरतो तो लाकडाचा ऊबदार वास, आणि त्यात कुठेतरी सुकलेली पाकळी. मला तरी हा गुलाब ताज्या फुलापेक्षा जवळचा वाटतो. ताजे फूल फार लवकर सगळे सांगून टाकते.

आपण मात्र दुकानात "गोड द्या" एवढेच म्हणतो. चंदन दुर्मिळ आणि महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरांत चंदनाऐवजी पातळ पॅराफीन येऊ लागले. त्याला स्वतःचा वास नाही. गिऱ्हाईक गोड मागते, दुकानदार गोड देतो. मग डेगेखाली रात्र काढणाऱ्याला कोण विचारणार?

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मंडळ दरवर्षी मोठी बाटली आणते. यंदा त्याच पैशात चंदनावरचे अस्सल अत्तर, लहान कुपीत का होईना, आणावे, अशी माझी सूचना आहे. ते बोटाने चोपडायचे नाही. काडीच्या टोकाला जेवढे राहील तेवढेच एकीला. खजिनदारबाई मान हलवत आहेत. होकाराची की नकाराची, ते चहाच्या वेळी विचारीन.