मिश्रीचं नाव घेऊन विचारू या
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवऱ्याची दारू येते. त्यात चूक काही नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, पुढे 'आडवी बाटली'साठी गावोगावच्या बायांनी मतदान केलं. पण दारूविरुद्धच्या मोर्च्यातल्या कितीतरी जणींच्या कनवटीला मिश्रीची डबी असते. तिच्याबद्दल आपण बोलत नाही.

२०१६-१७च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. तरी तपासणीत त्या दिसत नाहीत. आशाताई तिशीपुढच्या बाईचा फॉर्म भरते. त्यात धूम्रपान, गुटखा, खैनी यांचा प्रश्न असतो. बाई म्हणते, "नाही गं बाई." ती खोटं बोलत नाही. तिच्या लेखी तंबाखू पुरुष खातात, ती फक्त दात घासते.

म्हणून मी वस्तीत वेगळं विचारते. "मावशी, दात कशाने घासता? दिवसातून कितीदा? नाही लावली तर काय होतं?" मग मावशी मोकळ्या होतात. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढ ठणकते, भूक लागत नाही म्हणून काम उरकतं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावलीसुद्धा हेच विचारते: गेल्या तीन महिन्यांत किती वेळा, तलफ किती, त्रास काय. प्रश्न तेच, शब्द मात्र आपले हवेत.

उत्तर मिळालं की लगेच "सोडा" म्हणू नका. मिश्रीने दाढेचं दुखणं दबतं, बरं होत नाही. आधी दाढ दाखवायला सोबत जा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका. पहिली मिश्री तासभर पुढे ढकलायची, मग एकेक वेळ कमी करायची, असं तिच्याशी ठरवा. १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

गरोदर बाईला तर आवर्जून विचारा. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात (२००४) अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. त्यातल्या बहुतेकजणी मिश्रीच लावत होत्या.

एक पथ्य पाळा. हे एकटीला विचारा आणि आपल्यापाशीच ठेवा. नाहीतर "पोराचं वजन हिच्यामुळे कमी" म्हणत घरचे तिलाच धारेवर धरतील. अनेक घरांत सासू-सून एकाच डबीतून मिश्री लावतात. तिथे सुनेला एकटीला सोडायला सांगून भागत नाही, सासूबाईंशीही तितक्याच आदराने बोलावं लागतं.

दारूच्या गुत्त्यावर आपण एकजुटीने गेलो. ही डबी मात्र एकेकीच्या शेजारी बसूनच उघडावी लागेल. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने निदान पाचजणींना विचारून यावं, एवढंच माझं मागणं आहे.