छेद लहान की मोठा? आधी घड्याळ बघा

मी डॉक्टर नाही, फौजेत आयुष्य काढलेला माणूस आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांनी काय करावं, एवढंच सांगतो.

जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होऊन भोक पडतं. कारणं मुख्यतः दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. आपल्याकडे टायफॉइडमुळेही आतड्याला छिद्र पडतं. मग आम्ल, अन्न आणि जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात. अचानक असह्य दुखतं, पोट फळीसारखं कडक होतं, माणूस हलायला बघत नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बहुतेक वेळा पडद्याखाली हवा दिसते.

आता नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?’’

प्रश्न रास्त आहे. पण आतलं काम दोन्हीकडे एकच असतं, हे लक्षात घ्या. भोक बुजवायचं, त्यावर पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा टाक्यांनी बसवायचा आणि पोट स्वच्छ धुऊन काढायचं. हे ठिगळ कॅनडातले सर्जन रॉस्को ग्रॅहम यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १९३७ मध्ये मांडलं. १९९० पासून तेच काम दुर्बिणीने होऊ लागलं. म्हणजे मोहीम तीच, फक्त आत शिरायची वाट वेगळी.

दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. हाँगकाँगमध्ये १२१ रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीच्या गटाला वेदना कमी झाल्या आणि ते कामावर लवकर परतले. जखम चिघळण्याचा आणि पुढे हर्निया होण्याचा धोकाही लहान छेदात कमी असतो.

मग सगळ्यांचीच दुर्बिणीने का करत नाहीत? कारण त्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवावं लागतं. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तो दाब झेपत नाही. भोक मोठं असेल, एक दिवसाहून जास्त वेळ गेला असेल, टायफॉइडने आतडं नाजूक झालं असेल, तर पोट उघडणंच बहुधा सुरक्षित ठरतं. कधी दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडावं लागतं. त्याला अपयश समजू नका. जमिनीवरची परिस्थिती बघून योजना बदलणारा अधिकारीच आपली माणसं परत आणतो.

खरा शत्रू आहे उशीर. डेन्मार्कमध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रुग्णालयात आल्यावर शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक, आधीच्या तासाच्या तुलनेत, वाचण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटत होती. आता हिशेब करा. जवळच्या रुग्णालयात पोट उघडून शस्त्रक्रिया करणारा अनुभवी सर्जन तयार आहे आणि तुम्ही लहान छेदासाठी रुग्णाला चार तासांच्या शहरात हलवता. व्रण वाचवायला निघालात आणि माणूस पणाला लावलात.

म्हणून तीन गोष्टी. असं पोट दुखलं तर घरी गोळी, चहा, पाणी काही देऊ नका, थेट रुग्णालय गाठा. सर्जनला विचारा, ‘‘या रुग्णासाठी, आत्ता, तुमच्या हाताला कोणती पद्धत सुरक्षित?’’ आणि उत्तर मिळालं की सही करा. पुढे बरं झाल्यावर त्या जंतूची तपासणी करून औषधांचा कोर्स पुरा करा, नाहीतर अल्सर पुन्हा होऊ शकतो.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, रात्री शस्त्रक्रिया करणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच माहीत करून ठेवा. जय हिंद.