नर्तकीचें पाऊल

नांदेडहून लातूरकडे निघालें म्हणजे लोहा तालुक्यांत माळेगांव लागतें. मार्गशीर्षांत तेथें खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजाराइतकीच तेथील तमाशाच्या फडांचीहि ख्याति आहे. लावणी पाहणाराची दृष्टि बहुधा नर्तकीच्या मुद्रेवर खिळलेली असते. आज थोडा वेळ आपण ती चाळ बांधलेल्या पायांकडे वळवूं.

तें पाऊल सबंध तळव्यानें भूमीवर आदळतें, टांचेनें ठेका धरतें आणि चवड्यावर गिरकी घेतें. युरोपांतील बॅले या नृत्याची धाटणी निराळी. तेथें नर्तकी जमीन सोडूं पाहते, आणि उडी घेऊन उतरतांना आवाज होतां कामा नये असा दंडक. परंतु दोघींचा आधार एकच: 26 हाडें व 33 सांधे यांची ती लहानशी रचना, आणि तिची कमान तोलून धरणारे स्नायु.

मोबाइलवर बॅले पाहणारी मुलगी आतां कोणत्याहि गांवीं असूं शकते. पाहतां पाहतां ती बोटांच्या टोकांवर उभी राहूं लागते आणि आईबापांस कौतुक वाटतें. श्रोतेहो, धोका आहे तो येथेंच. 1832 सालीं पॅरिसमध्यें मारी तालिओनी ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यांत अशी नाचली, तेव्हां तिच्या रेशमी जोड्यांत आजच्यासारखा टणक आधार नव्हता. आधार होता तो वडिलांनीं करवून घेतलेल्या कठोर मेहनतीचा. लोकांनीं जोडे पाहिले. मेहनत कोण पाहतो!

पाऊल बाकदार दिसणें निराळें आणि बळकट असणें निराळें. मुलीचें पाऊल हातानें दाबून वांकविणारा शिक्षक मला मुळींच पसंत नाहीं. तशानें आकार येईल, बळ येणार नाहीं.

बळ येतें तें अगदीं रुक्ष अभ्यासानें. खुर्चीच्या पाठीस हात लावून उभें राहावें, एक पाऊल जमिनीवरून पुढें सरकवावें. आधीं टांच सुटावी, मग चवडा, शेवटीं बोटें ताणलीं जावींत. परततांना आधीं बोटें टेकावींत, मग चवडा, मग टांच. उतावळी मुलगी मधला चवडा गाळते आणि बोटें पंज्यासारखीं आंत वळविते. तसें झालें कीं सगळा अभ्यास फुकट. बसल्या बसल्या, बोटें सपाट ठेवून, आंगठ्याची मुळी टांचेकडे ओढावी. कमान आपोआप वर येते. मग भिंतीस हात लावून एका पायानें चवड्यावर सावकाश चढावें-उतरावें. घोटा करंगळीकडे कलूं देऊं नये. असें सलग 20 वेळां नीट जमेपर्यंत टोकावर उभें राहण्याचें नांव काढूं नये. साधारणतः 12 वर्षांच्या आधीं आणि कांहीं वर्षांच्या नियमित शिक्षणावांचून तर नाहींच. त्या वयांत हाडांची वाढ चालू असते.

आपल्याकडील शहाबादी फरशी पाऊल सरकवावयास छान, पण उड्या मारावयास फार कठीण. उड्यांसाठीं लांकडी फळ्या शोधाव्या. आणि रात्रीं दुखलेलें पाऊल सकाळींहि दुखत असेल, मुलगी लंगडत असेल, तर तेल चोळीत न बसतां तिला डॉक्टरांस दाखवावें.