खर्ज हरवतो तेव्हा

वळसंगचा माझा पुतण्या जत्रा-उरुसांतल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याने अॅम्प्लिफायरची नक्कल करणारी डिजिटल पेटी घेतली. घरी हेडफोनवर खर्ज दणदणीत. मैदानात ढोलकीपुढे ऐकूच येईना. मालक म्हणाले, "आणखी एक कार्यक्रम बघू, नाहीतर बेसवाला नको."

मग आम्ही इफेक्ट एकेक करून काढले. डिस्टॉर्शनने खर्ज खाल्ला होता. त्यात तारेचा मूळ आवाज मिसळला, 'मिडल'चे बटन थोडे वाढवले. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. छोट्या स्पीकरला ती पेलत नाहीत. पण वरचे उपस्वर स्पष्ट आले, की कान खर्ज आपणच जुळवून घेतो.

त्या रात्री मालकांनी मान डोलावली. घरी येऊन मी माझ्या कवितेतली चार विशेषणे खोडली.